शब्दचर्चा : 'राईबाग' की 'मोहरीबाग'?

प्रश्न :
सतराव्या शतकातला चिनी लेखक ली यू (१६११–१६८०) याच्यावर मराठीत लिहिते आहे. कथा-नाटकं लिहायचा, स्वतःची नाटकमंडळी घेऊन गावोगाव फिरायचा, आणि नानजिंगला स्वतःची पुस्तकं स्वतःच छापून विकायचा. दुकानाला नाव राहत्या बागेचंच : जिएझीयुआन. 'जिएझी' म्हणजे मोहरीचा दाणा, 'युआन' म्हणजे बाग. 'राईबाग' लिहू का? कानाला गोड लागतं.

उत्तर :
गोड लागतं, पण नका लिहू, ताई. मराठीत राई दोन. एक फोडणीतली, 'राजिका'वरून आलेली, दुसरी आमराई-देवराईतली. 'राईबाग' म्हटलं की ही दुसरीच डोळ्यांपुढे येते, दाट सावलीची. ली यूला नेमकं उलट सांगायचं होतं. जागा टीचभर म्हणून मोहरी, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तीन 'मू'सुद्धा नाही, म्हणजे आपले वीस गुंठेही भरत नाहीत. त्यातला एक वाटा घराने घेतला, एक दगडांनी. तरी चार-पाच मोठी डाळिंबं होतीच.

येणारेजाणारे मात्र त्या नावात बौद्ध दाखला बघायचे : मोहरीच्या दाण्यात अख्खा सुमेरू मावतो. 'विमलकीर्तिनिर्देश' सूत्रातली ही कल्पना, आपल्याच 'सर्षपा'ची, म्हणजे संस्कृतातल्या मोहरीची. इथे 'राईचा पर्वत' आठवेल, पण तो लांबच ठेवा. आपण राईचा पर्वत करतो तेव्हा नसतं ते फुगवतो. तिथे राई राईएवढीच राहते, पर्वत पर्वताएवढा, आणि तरी मावतो.

'मोहरीबाग'ही मला खटकतं. पिवळं शेत दिसतं. 'मोहरीच्या दाण्याची बाग' लिहा. लांब आहे, पण दाणा सोडू नका.

प्रश्न :
पटलं. त्याची पुस्तकं इतर लोक परस्पर छापत, त्याला 'चोरटी आवृत्ती' म्हणू ना?

उत्तर :
म्हणा, पण एकदा तरी त्याचा शब्द द्या : 'फानके', म्हणजे पुन्हा कोरणं. छपाई लाकडी ठशांची. विकत घेतलेल्या पुस्तकाचं पान नव्या फळीवर पालथं चिकटवायचं आणि अक्षरं सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. लेखकाची ओळसुद्धा हलत नाही, म्हणून तर तो इतका पेटला. नांगरायचं मी आणि खायचं त्यांनी, हे कसं सोसू, असं तो लिहितो. हे मात्र जसंच्या तसं ठेवा, टीप लागणार नाही.