अनुभव धागा: घरच्या फोटोंत कोण दिसत नाही?

आमच्याकडे १९७०च्या दशकातले चौकोनी कृष्णधवल फोटो आहेत, बाबांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेले. बडोद्याला बनायचा तो कॅमेरा. एका रोलमध्ये १२च फोटो, म्हणून दर खटक्याआधी आम्ही उन्हात ताटकळायचो. ऊन काढणाऱ्याच्या पाठीशी हवं, हा तेव्हाचा नियम. त्यामुळे आम्ही सगळे डोळे बारीक करून उभे आणि पायांशी बाबांची लांबलचक सावली. सहलींच्या फोटोंत बाबा तेवढेच. तुमच्या अल्बममधून असं कोण निसटलंय? सविस्तर लिहा, नुसतं ‘आमचंही सेम’ नको.

साताऱ्याहून: आज्जीचा फोटोच नव्हता. ती गेल्यावर भिंतीवर लावायला हवा म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा सापडलं शेषनसाहेबांच्या वेळचं मतदान ओळखपत्र. स्टुडिओवाल्यानं त्यावरचा फोटो मोठा केला. चेहरा धुरकट आला म्हणून भुवया नव्यानं काढल्या, गळ्यात बोरमाळ घातली, अंगावर कुणाची तरी जरीची साडी चढवली. आज्जी जन्मभर सुती नऊवारीत. आई हार बदलताना अजून म्हणते, “ही कुण्या पाटलाची सून दिसतीय.” माझ्या मुलांना मात्र हीच आज्जी माहीत.

काकूविषयी: घटस्फोटानंतर काकांनी तिला ग्रुप फोटोतून कात्रीनं कापलं. भोक बरं दिसत नाही म्हणून आजीनं तिथे गणपतीचं स्टिकर लावलं. आता काकांच्या शेजारी गणपती उभा आहे.

चिपळूणहून: २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं, तेव्हा अल्बम खालच्या कप्प्यात होते. ओले फोटो तसेच वाळले असते तर कायमचे चिकटले असते. माझ्या मावसभावाला हे ठाऊक होतं म्हणून वाचलो. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवून एकेक सोडवला, चेहरा वर करून जुन्या धोतरावर पसरला. वर्तमानपत्रावर नाही, शाई लागते. पुष्कळ हाती लागले, पण कडेनं पाणी शिरलेल्या फोटोंचा रंगाचा थरच निघून आला. दादाच्या मुंजीत आता मांडव आहे, भिक्षावळ आहे, मावश्या आहेत, बटू नाही.

पुण्याहून: आमच्याकडे हल्ली उलटं. सेल्फी काढणारा भाचा प्रत्येक फोटोत, आणि सगळ्यात मोठा. आजीचा नुसता अंबाडा.

धागाकर्ती: चिकट पानांच्या अल्बमबद्दल दोघांनी विचारलंय. प्लास्टिक उचलून आत फोटो लावायचो ते. त्यातल्या गोंदानं फोटो पिवळे पडतात, पण ओढून काढू नका, फाटतील. आधी अख्ख्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्या, मग दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीनं. बॉलपेन पुढे उमटतं.