ताजे पाणी आले की कालचे ओतून देता का? आपापले अनुभव लिहावेत

लातूरकरीण
आज पहाटे नळाला पाणी आले आणि लगेच शेजारच्या घरातून कालची भरलेली पिंपे मोरीत रिकामी केल्याचा आवाज आला. ताजे पाणी आले की कालचे ‘शिळे’ होते, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. पण तो आवाज ऐकून मला २०१६चा उन्हाळा आठवला आणि पुढे झोप लागली नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत मी मुलांना मोठ्या घमेल्यात उभे करून अंघोळ घालत असे, त्याच पाण्याने फरशी पुसत असे आणि उरलेले संडासासाठी बादलीत ठेवत असे. त्या वर्षी आमच्या घरात पाण्याला कुणीही शिळे म्हटले नाही. टंचाई संपल्यानंतरही टिकून राहिलेल्या घरातल्या आणि बागेतल्या सवयी इथे वाचायला मला आवडतील.

कृष्णाकाठ
ताई, आम्ही तेव्हा मिरजेत होतो. त्या गाड्या भरल्या जात असल्याचे कळल्यापासून आमच्या आईने अंगणात नळीने सडा घालणे कायमचे सोडले. ती आजही तांब्यातून हाताने शिंपडते.

परसबाग
माझा अनुभव मडक्याचा आहे. वांगी आणि दोडक्याच्या आळ्याशेजारी मातीचे बिनरंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे आणि पाण्याने भरून ठेवायचे. भोवतालची माती जसजशी सुकते, तसतसे पाणी मडक्याच्या अंगातून पाझरते आणि मुळे आपणहून त्याच्याकडे वळतात. मडक्याला रंग किंवा चकाकी दिलेली असेल तर त्याची छिद्रे बुजलेली असतात आणि सगळी मेहनत वाया जाते. माझा पहिला उन्हाळा असाच गेला. त्याच्या जोडीला आळ्यात चार बोटे जाडीचा पाचोळा पसरावा, म्हणजे वरची माती उन्हाने तापत नाही. कपड्यांचे साबणाचे पाणी मात्र भाजीला घालू नये, कारण त्यातल्या क्षारांनी माती घट्ट होते. ते मी कर्दळ आणि केळीकडे वळवले आहे.

आरोग्यसेविका
साठवलेल्या पाण्याविषयी कळकळीने लिहिते. कालचे पाणी वाईट नसते, परंतु उघडे राहिलेले पाणी धोक्याचे असते. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ती अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात आणि त्यांचा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. म्हणून झाकण घट्ट ठेवावे, आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासावे आणि ते पाणी मोरीत न ओतता झाडांना घालावे. वस्तीत फिरताना मी हे शेकडो वेळा सांगितले आहे आणि पुढेही सांगत राहीन.

नवीन भाडेकरू
पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या बारीक नळीतून जे पाणी बाहेर जाते, त्याचे आपण सगळे काय करता? आमच्याकडे एक बादली प्यायचे पाणी मिळेपर्यंत जवळजवळ तीन बादल्या वाहून जातात.

लातूरकरीण
ते फरशी पुसायला आणि संडासाला वापरावे. त्यात क्षार जास्त असल्यामुळे कुंड्यांना रोज घालू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नळाचे पाणी मुळात गोडे असेल तर अशा यंत्राची गरज आहे का, हे पाणी तपासून घेऊन ठरवावे.

जांभ्याची विहीर
रत्नागिरीकडे धो धो पाऊस पडतो, म्हणून आम्हाला टंचाई माहीत नसेल असे अनेकांना वाटते. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. आमच्या विहिरीचा तळ मे महिन्यात दिसतो आणि लहानपणी आम्ही वाटीने कळशी भरलेली आहे. शंभर चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होते, हा हिशेब वडिलांना समजावल्यावर त्यांनी पागोळ्यांखाली पन्हळ लावून ते पाणी टाकीत घेतले. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी मात्र आम्ही सोडून देतो, कारण त्यात कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

कृष्णाकाठ
परसबाग, पुरलेल्या मडक्यात डास होत नाहीत का? आरोग्यसेविका ताईंचे वाचून शंका आली.

परसबाग
उघडे ठेवले तर नक्की होतात. मी तोंडावर जुन्या सुती साडीचे दुपदरी फडके ताणून बांधते आणि त्यावर पणतीसारखी पसरट झाकणी ठेवते. पाणी भरताना झाकणी तेवढी उचलायची. फडक्यातून पाणी आत उतरते.