इटलीची पहिलीच सहल: मिलान गाळून रावेन्ना, फेरारा, पदोवा करावं का?

मुक्कामी
आपल्याकडून जाणाऱ्या इटली सहलींचा साचा ठरलेला असतो. रोम तीन रात्री, फ्लॉरेन्स दोन आणि त्यातच पिसाला जाऊन भोज्जा, व्हेनिस दोन, मिलान दोन आणि परतीचं विमान. माझं मत असं, की पिसा सोडावं, मिलानच्या दोन्ही रात्री आणि व्हेनिसची एक रात्र काढावी आणि त्या तीन रात्री बोलोन्यात तळ ठोकावा. परतीचं विमान मिलानहून असलं तरी बोलोन्याहून वेगवान गाडीने मिलान तासाभराचंच आहे.

बोलोन्या मोठं जंक्शन आहे. तिथून फेरारा अर्धा-पाऊण तास, रावेन्ना सव्वा तासाच्या आसपास, पदोवा तास-दीड तास. तिन्हीकडे 'रेजोनाले' गाड्या जातात, म्हणजे आपल्या पॅसेंजरसारख्या. त्यांचं भाडं अंतरावर ठरतं. महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, पैसे तेच. त्यामुळे आदल्या रात्री हवामान बघून उद्याचं गाव बदलता येतं. वेगवान गाड्यांत स्वस्त तिकीट लवकर काढावं लागतं आणि ते बहुतेक वेळा त्याच एका गाडीला बांधलेलं असतं.

तिघांत पहिला मान रावेन्नाचा. इ. स. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आली. पाचव्या-सहाव्या शतकातल्या इथल्या आठ वास्तू १९९६पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गाला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीची समाधी बाहेरून साधी विटांची, ठेंगणी. आत शिरल्यावर पहिला अर्धा मिनिट फारसं काही दिसत नाही, कारण खिडक्यांना काच नसून अलाबास्टर दगडाचे पातळ तक्ते आहेत आणि त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. मग डोळे सरावतात आणि डोक्यावरच्या गडद निळ्या छतात एकेक करून सोनेरी चांदण्या उमटतात, पाचशेहून जास्त. गर्दीच्या दिवसांत आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात, ती फोन चाचपण्यात घालवू नयेत. शेजारीच सान व्हिताले चर्च आहे (इ. स. ५४७). तिथल्या मोझॅकमधले, म्हणजे तुकडे जडवून केलेल्या चित्रांमधले, सोनेरी तुकडे म्हणजे काचेच्या दोन थरांत दाबलेला सोन्याचा वर्ख, आणि ते भिंतीत मुद्दाम किंचित तिरके बसवलेले आहेत. आपण दोन पावलं सरकलो की चमकही सरकते. फोटोत हे येत नाही.

हिशेबनीस
असहमत, आणि मुद्द्यांवर असहमत.

एक, पदोवा बोलोन्याहून करणं हा वेळेचा अपव्यय आहे. व्हेनिसहून पदोवा अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे ते व्हेनिसच्या मुक्कामातच बसतं. दोन, व्हेनिसची रात्र कापणं ही सरळ चूक आहे. दिवसापुरते आलेले लोक संध्याकाळी पाच-सहानंतर निघून जातात आणि रात्री नऊला गल्ल्यांत फक्त पाण्याचा आवाज उरतो. ते व्हेनिस बघायला दोन रात्री लागतातच, कारण पहिली संध्याकाळ सामान ओढत पूल चढण्या-उतरण्यात जाते. शिवाय २०२४पासून ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे, शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे.

तीन, बोलोन्या स्वस्त पडतं हा अनेकांचा समज खरा नाही. तिथे वर्षभर मोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात. मार्चमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं, वसंतात बालपुस्तकांचं. त्या आठवड्यांत खोल्यांचे भाव दुपटीच्या पुढे जातात. विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रदर्शनांच्या तारखा पाहा.

आणि मूळ मुद्दा. इकडून इटलीला जाणारं कुटुंब बहुधा एकदाच जातं. शेंगेन व्हिसाचं शुल्कच माणशी ९० युरो, वर विमा आणि विमानभाडं. एवढा खर्च करून रोममध्ये तीनच रात्री राहायचं आणि वाचलेले दिवस फेराराला द्यायचे? मिलानच्या दोन रात्री काढायच्याच असतील तर त्या रोमला द्या.

चुन्याची भिंत
पदोवाबद्दल हिशेबनीस यांच्याशी सहमत, पण ते 'बसतं' एवढ्यावर सोडू नका. तिथे जायचं कारण म्हणजे स्क्रोव्हेन्यी चॅपल, जोत्तो या चित्रकाराने १३०३ ते १३०५च्या सुमारास रंगवलेलं. पाश्चात्त्य चित्रकलेत माणसाचं दुःख चेहऱ्यावर आणि वाकलेल्या पाठीवर पहिल्यांदा एवढं खरं दिसतं ते इथे. येशूच्या शवाभोवतीच्या चित्रात दोन बायका आपल्याकडे पूर्ण पाठ करून बसल्या आहेत. चेहरे दिसत नाहीत, नुसत्या वाकलेल्या खांद्यांवरून सगळं कळतं.

इथे गडबड होते ती आरक्षणाची. आयत्या वेळी तिकीट मिळेल हे गृहीत धरू नका, वेळ ठरवून आधी नोंदवावंच लागतं. ठरलेल्या वेळी गटाला आधी एका बंद काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. माणसांच्या अंगाची वाफ आणि धूळ थेट आत गेली तर चुन्यावरचा रंग बिघडतो, म्हणून आधी तिथली हवा स्थिर करतात. मग आत साधारण पंधरा मिनिटं. गट आत गेला की दार बंद. पाठपिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, त्यासाठी दहा मिनिटं वेगळी धरा. स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात, तरी व्हेनिसहून निघताना एक गाडी आधीचीच पकडा.

वेळ उरला तर १५४५ची वनस्पतिबाग आहे. विद्यापीठांच्या बागांत मूळ जागीच टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी.

फोडणी
गावं कुठलीही ठरवा, शाकाहारी मंडळींनी आधी हे वाचा.

फेराराचा प्रसिद्ध पाव, पीळ घातलेला, 'कोप्पिया'. त्यात डुकराची चरबी असते. रावेन्नाच्या टपऱ्यांवर मिळणारी 'पियादीना' दिसते आपल्या पोळीसारखी, पण पारंपरिक कृतीत तीच चरबी. शब्द लक्षात ठेवा: 'स्त्रुत्तो' म्हणजे चरबी, 'सेन्झा स्त्रुत्तो' म्हणजे चरबीशिवाय. बऱ्याच टपऱ्यांवर ऑलिव्ह तेलातली पियादीना वेगळी मिळते, ती 'आल्लोल्यो' म्हणून मागा. फेराराचे भोपळ्याचे 'काप्पेल्लाच्ची' (सारण भरलेला पास्ता) शाकाहारी वाटतात आणि 'बुर्रो ए साल्व्हिया' म्हणजे लोणी आणि सेज घालून मागितले तर मांसाचा रस्सा टळतो, पण पारीत अंडं असतंच. आणि पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजतात, त्याला पर्याय नाही. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांना एमिलिया-रोमान्या हा प्रांत (बोलोन्या, फेरारा, रावेन्ना यातच येतात) अवघड आहे, हे मुक्कामी यांनी लिहायला हवं होतं.

दक्षिणायन
फोडणी यांच्या प्रतिसादातच उत्तर आहे: उत्तरेला अडकू नका, दक्षिणेतल्या पुलिया प्रांतात जा. तिथल्या 'ओरेक्किएत्ते' पास्त्यात अंडं नसतं, फक्त रवाळ पीठ आणि पाणी. 'फावे ए चिकोरिया' म्हणजे वाळलेल्या बाकल्याचं घट्ट वरण, वर शिजवलेली कडवट पालेभाजी आणि कच्चं ऑलिव्ह तेल. भाकरी सोडून सगळं घरचं वाटतं. मात्र 'चिमे दि रापा' या पाल्याच्या पास्त्यात बारीक मासे विरघळवलेले असतात. 'सेन्झा आच्चूगे' सांगायला विसरू नका.

शहर म्हणाल तर लेच्चे. तिथला पिवळसर चुनखडी दगड खाणीतून निघताना इतका मऊ असतो की लाकडासारखा कोरता येतो आणि उघड्यावर हळूहळू टणक होतो. सान्ता क्रोचे चर्चच्या दर्शनी भिंतीवर प्राणी, फळं, माणसं यांची दाटी आहे ती या दगडामुळेच. पुलियाची राजधानी बारी, तिथून दीड-दोन तास. बारीहूनच मातेराही होतं: डोंगरकड्यात कोरलेली 'सास्सी' वस्ती. रोगराई आणि दारिद्र्यामुळे १९५२च्या कायद्याने सुमारे १५ हजार माणसं तिथून हलवली गेली. १९९३मध्ये ती जागतिक वारसा झाली. मातेराला सरकारी रेल्वे जात नाही. बारीच्या मोठ्या स्टेशनाशेजारी 'फाल' कंपनीचं वेगळं छोटं स्टेशन आहे, वेगळं तिकीट, अरुंद रूळ, आणि रविवारी कधी कधी गाडीऐवजी बस. नेमके रविवारीच लोक फलाटावर वाट बघत बसतात.

हिशेबनीस
दक्षिणायन, रोम ते लेच्चे वेगवान गाडीनेही साडेपाच तासांच्या आसपास लागतात. दहा दिवसांच्या पहिल्या सहलीत एवढं अंतर परवडत नाही. आणि मातेरा म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. चाकांची बॅग आणि गुडघेदुखी असलेले आईवडील सोबत असतील तर तिथे मुक्कामाचा आग्रह धरू नये. दुसऱ्या सहलीत जरूर.

बोरा
सगळे मोझॅक आणि पास्त्यातच आहेत. त्रिएस्तेचं नाव कोणीच काढलं नाही, आणि मुंबईशी खरा धागा असलेलं शहर तेच. सुएझ कालवा खुला झाल्यावर ऑस्ट्रियन लॉइडच्या आगबोटी या बंदरातून मुंबईला येऊ लागल्या. पुढे तीच कंपनी लॉइड त्रिएस्तीनो म्हणून चालली. समुद्राकडे उघडणाऱ्या पियाझ्झा युनिता या चौकात त्या कंपनीची इमारत आजही उभी आहे, आता तिथे प्रांताचं सरकार बसतं. १९६४मध्ये अब्दुस सलाम यांनी इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं केंद्र काढलं, त्यामुळे भारतातल्या कितीतरी भौतिकशास्त्रज्ञांना हे गाव ठाऊक आहे.

व्हेनिसहून दोन तास, शेवटचा टप्पा समुद्राच्या कडेने. कॉफी मागताना सांभाळा: इथे एस्प्रेसोला 'नेरो' म्हणतात आणि 'कापो' मागितलं की थोडं दूध घातलेली छोटी कॉफी येते. हिवाळ्यात 'बोरा' वारा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो, छत्री निरुपयोगी. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर निवडा. शाकाहाऱ्यांना मात्र इथेही शोधाशोध करावी लागते. 'योता' हे राजमा आणि आंबवलेल्या कोबीचं सूप घरगुती वाटतं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं.

मुक्कामी
पदोवाचं मान्य, ते व्हेनिसकडे हलवतो आणि व्हेनिसच्या दोन रात्री कायम ठेवतो. म्हणजे बोलोन्याला मिलानच्या दोन रात्री मिळाल्या. पण त्या रोमला द्याव्यात हे मला पटत नाही. रोमच्या चौथ्या दिवशी माणूस थकलेला असतो आणि पाचवं चर्च बघताना पहिलं आठवत नाही. रावेन्नात चर्चेसच बघायची आहेत, पण तिथे रांगा कमी, रस्ता सपाट आणि मधलं अंतर पाच-दहा मिनिटांचं. फेराराही सपाट आहे, नऊ किलोमीटरच्या तटावरून सायकल चालवता येते. ज्येष्ठांच्या गुडघ्यांना ही दोन गावं रोमपेक्षा सोपी जातात.

चरबीचा उल्लेख माझ्याकडून राहिला, तो हवाच होता.

जाणाऱ्यांसाठी रावेन्नाचा क्रम: सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास पोहोचणारी गाडी. आदल्या दिवशीच एकत्रित तिकीट काढून गाला प्लाचिदिया आणि निओनियन बाप्टिस्टरी (बाप्तिस्म्यासाठी बांधलेली जुनी वास्तू) यांच्या ठरावीक वेळा घ्याव्यात, दोन्हींत किमान दीड तासाचं अंतर ठेवून. पहिली समाधी, मग सान व्हिताले, मग कवी दान्तेचं थडगं (तो १३२१मध्ये इथेच वारला), मग बाप्टिस्टरी. सान्त आपोल्लिनारे इन क्लास्से हे चर्च शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे, ४ नंबरच्या बसने किंवा रिमिनीकडच्या गाडीने एक स्टेशन. ते दुपारी ठेवावं.

हिशेबनीस
क्रम उत्तम आहे. तरी पहिल्यांदाच जाणाऱ्याने दोनपैकी एकच दिवस द्यावा आणि तो रावेन्नाला, फेराराला नाही. यावर मी ठाम आहे.

बोलोन्या स्टेशनाबद्दल दोन गोष्टी. पाटीवर फलाटाच्या आकड्यापुढे 'ओव्हेस्त' किंवा 'एस्त' लिहिलेलं असेल तर तो मुख्य फलाट नव्हे. तो पश्चिम किंवा पूर्व टोकाचा वेगळा फलाट, चालत पाच-सात मिनिटं. वेगवान गाड्यांचे १६ ते १९ हे फलाट खोल जमिनीखाली आहेत, तिथवर उतरायला दहा मिनिटं धरा. आणि रेजोनालेचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी मशीनमध्ये छापून घ्यावंच लागतं, फोनवरच्या तिकिटाला चेक-इन करावं लागतं. नुसते पैसे भरले म्हणजे तिकीट चालू झालं असं नाही, दंड याच कारणाने होतो.

फोडणी
रेल्वे संपाचं काय? त्या दिवशी गावाचा बेत सोडून द्यायचा का?

हिशेबनीस
'शोपेरो' म्हणजे संप, तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरलेल्या रेजोनाले गाड्या चालवाव्याच लागतात, त्यांची यादी रेल्वे कंपनी प्रसिद्ध करते. सकाळी आठच्या आत बोलोन्या सोडलं आणि सहानंतर रावेन्ना सोडलं तर संपाच्या दिवशीही सहल होते. रविवारी आणि सणाला ही हमी नसते.