घरची बिअर कारल्याच्या काढ्यासारखी कडू झाली आहे, मदत हवी आहे

मंडळी, इंग्लंडमध्ये राहतो, घरी स्वतःपुरती बिअर करतो. यंदाची २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) घशाखाली उतरत नाहीये.

मॅग्नम जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं; त्यातलं कडूपणा देणारं अल्फा आम्ल १२ टक्के) ३० ग्रॅम, पूर्ण तासभर उकळले. शेवटच्या १० मिनिटांना कॅस्केड जातीचे हॉप्स ४० ग्रॅम. हिशेब नंतर केला, तर ५० आयबीयूच्या (कडूपणा मोजायचं एकक) वर जातंय! शिवाय चिलर (उकळलेलं झटपट थंड करायचं साधन) नाही. सिंकमध्ये पातेलं थंड व्हायला पाऊण तास गेला आणि हॉप्स तेवढा वेळ गरम वर्टमध्येच (न आंबलेल्या माल्टच्या पाण्यात). वर दोन चमचे जिप्समही (कॅल्शियम सल्फेट) घातलं होतं, म्हणजे कडूपणाला आणखी धार.

घनता १.०४५ वरून १.००८, चार दिवस स्थिर, म्हणजे आंबणं पूर्ण झालंय. आंबट वास नाही, यीस्ट खाली बसलंय, त्यामुळे बिघडलेली नाही.

१० लिटर बाटल्यांत भरून तीन आठवडे झाले, फरक नगण्य. ग्लासात साखरेचा पाक घालून पाहिला: गोड वेगळं, कडू वेगळं. चिमूटभर मिठाने थोडं बरं वाटलं. गोडव्यासाठी लॅक्टोज (दुधातली साखर) नको, घरात एकाला दूध चालत नाही.

उरलेली १० लिटर अजून फर्मेंटरमध्येच (आंबवायच्या भांड्यात) आहे. त्यात १५ आयबीयूची नवी १० लिटर बिअर करून मिसळायचा विचार आहे. मिसळण्याआधी नवीचं आंबणं पूर्ण होऊ द्यावं का, की आंबत असतानाच ओतली तरी चालेल? आणि भरलेल्या बाटल्या किती महिने ठेवल्या तर कडूपणा खरंच उतरतो?