पॅरिस ते ॲमस्टरडॅम: विमान की रेल्वे?

मोठी आत्या: एप्रिलच्या युरोप ट्रिपचं जवळजवळ ठरलंय. एजंट म्हणतोय, पॅरिसहून ॲमस्टरडॅमला विमानानेच जा, सव्वा तासात पोचाल. रेल्वेला सव्वातीन तासांच्या वर लागतात म्हणे. सांगू का त्याला हो?

धाकटे काका: यात विचार कसला करायचा? विमानच घे.

दादा (आइंडहोव्हन, नेदरलँड्स): आत्या, थांब, एवढ्यात पैसे भरू नकोस. हवाई अंतर 430 किमीच्या आसपास आहे, म्हणजे मुंबई-गोव्याएवढंच. तिकिटावरचा सव्वा तास फक्त विमानाचा. शार्ल द गोल विमानतळ पॅरिसच्या मध्यापासून 25 किमी लांब. तिथे पोचायला पाऊण तास धर, तेही दोन तास आधी. इकडे ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर बॅगा येईपर्यंत अर्धा तास, मग लोकल पकडून सेंट्रल स्टेशनला यायचं. झाले की पाच तास! त्यात विमान पोल्डरबान धावपट्टीवर उतरलं, तर चाकं टेकल्यावरही टर्मिनलला यायला पंधरा मिनिटं सहज जातात. ती धावपट्टी पार शेतांपलीकडे आहे.

धाकटे काका: आणि रेल्वेला लवकर जावं लागत नाही का?

दादा (आइंडहोव्हन): अर्धा तास आधी पोचलात तरी पुष्कळ, काका. गार दु नोर स्टेशन भर शहरात आहे. गाडी ताशी 300 किमीने ब्रसेल्सला दीड तासाच्या आत पोचते, मग अँटवर्प, रॉटरडॅम, स्किपोल आणि ॲमस्टरडॅम सेंट्रल. बाहेर पडलं की समोर ट्राम. आत्याचे गुडघे बघता मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

छोटी वहिनी: बॅगांचं काय? दोघांच्या दोन मोठ्या असणार.

दादा (आइंडहोव्हन): चालतात. माणशी दोन सुटकेस आणि एक हँडबॅग, वेगळे पैसे नाहीत. स्वस्त विमानात मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे लावतात. लोणच्याची बरणीही जवळ ठेवता येईल, विमानासारखी हातातल्या बॅगेत 100 मिलीची अट नाही. फक्त गार दु नोरला पाकिटं सांभाळा आणि ब्रसेल्सला गाडी थांबली की दाराजवळच्या बॅगांवर लक्ष ठेवा.

मोठी आत्या: अरे पण एजंट त्या रेल्वेचं नाव युरोस्टार सांगत होता. ती लंडनला जाते ना? आमचा तर शेंगेनच व्हिसा आहे.

दादा (आइंडहोव्हन): लंडनचीही आहे, तिला ब्रिटनचा व्हिसा लागतो. तुमची ती लाल गाडी, आधी थॅलिस म्हणायचे, 2023 पासून तीही युरोस्टार झाली. शेंगेन पुरेसा आहे, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. आणि आत्या, रॉटरडॅम सोडलं की खिडकीतून बघ. सपाट कुरणं, कालवे, गाई दिसतात आणि एकदम अंधार होतो. डोंगर कुठेच नाही, तरी सात किमीचा बोगदा! ती कुरणं तशीच राहावीत म्हणून डच लोकांनी गाडी जमिनीखालून नेली. मला या देशाचं हे फार आवडतं.

धाकटे काका: मग पुढे रोमलाही रेल्वेच का?

दादा (आइंडहोव्हन): नाही काका, तिथे विमानच. ॲमस्टरडॅम-रोम 1300 किमी आहे. विमानाला सव्वादोन तास, रेल्वेत अख्खा दिवस जाईल आणि गाड्या बदलाव्या लागतील त्या वेगळ्याच.

मोठी आत्या: बरं. पॅरिस-ॲमस्टरडॅम रेल्वे, रोमला विमान. एजंटला आत्ताच फोन करते.

दादा (आइंडहोव्हन): आजच कर, रेल्वेचं तिकीट जितकं उशिरा काढाल तितकं महाग पडतं. सकाळची गाडी घे. सेंट्रलला घ्यायला मी येतो.