मदत हवी आहे: जिवंत चाऱ्यासाठी लहान मासे सापडत नाहीत आणि सापडले तर टिकत नाहीत

काठावर_एकटा
नमस्कार. गळाला लावण्यासाठी लागणारे जिवंत लहान मासे मला जवळच्या पाण्यातून स्वतःच पकडायचे आहेत. दोन्ही टोकांना नरसाळी असलेला जाळीचा सापळा आणला आहे. तो संध्याकाळी लावतो आणि पहाटे सहाला काढतो. कधी त्यात काहीच नसते, कधी एखाददुसरा मासा असतो आणि कधी तर नुसती डोकी आणि काटे हाती लागतात. जे जिवंत मिळतात, त्यांतले निम्मे गळ टाकण्याच्या जागी पोहोचेपर्यंत बादलीत उलटे झालेले असतात. बादलीला बॅटरीवरचा हवापंप लावलेला आहे, तेव्हा ‘पंप लावा’ असे कृपया कोणी लिहू नये. सापळ्याची जागा बदलून पाहिली, खाद्यही बदलून पाहिले. येत्या सुट्टीला मला मासे हवेच आहेत, म्हणून नेमके काय चुकते आहे तेवढेच थोडक्यात सांगावे.

तळठाव
थोडक्यात सांगण्यासाठी आधी आपल्याकडून थोडे विस्ताराने कळायला हवे. पाणी गोडे आहे, खारे आहे की मचूळ? सापळा किती खोल असतो आणि रात्रीतून तो कधी उघडा पडतो का? नरसाळ्याचे आतले तोंड किती रुंद आहे? सापळ्यात खाद्य कोणते ठेवता? बादलीत पाणी कुठले भरता? आणि मुख्य म्हणजे कोणते लहान मासे हवे आहेत? तळावरचे शेवाळ आणि गाळ खाणारा मासा आणि मांसाचा वास घेत येणारा मासा एकाच युक्तीने सापडत नाहीत.

गोल_पाग
सापळा लावून रात्रभर वाट पाहण्याचा खटाटोप मुळात कशासाठी करायचा, हेच मला समजत नाही. पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकायला शिकावे, म्हणजे लागतील तेवढे मासे पंधरा मिनिटांत मिळतात. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने, काठाकाठाने सावकाश चालावे. वाऱ्याशी न जुळणारी बारीक थरथर पाण्यावर दिसली, वळताना पोटे चमकलेली दिसली किंवा उथळ पाण्यात बगळे माना ताणून उभे दिसले की थवा तिथे आहे असे समजावे. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, मात्र माशाच्या मानाने निवडावा लागतो. तो मोठा असेल तर लहान मासे कल्ल्यांपाशी अडकून मरतात आणि फार बारीक असेल तर जाळे इतके सावकाश बुडते की ते तळाला टेकण्याआधीच थवा बाजूने निघून जातो. पाग टाकण्यापूर्वी तळाशी बुडालेली लाकडे आणि कालवांचे खडक नाहीत ना, एवढे काठीने चाचपून घ्यावे.

नरसाळे
गोल_पाग यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पागेत मासे लवकर मिळतात, परंतु जाळे ओढताना आणि हाताने सोडवताना त्यांचे खवले निघतात, अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो, आणि असा मासा तासाभराने मान टाकतो. सापळ्यातला मासा धडका मारत बसला नसेल, तर तो अखंड राहतो. प्रश्न सापळ्याचा नसून तो कुठे आणि किती वेळ ठेवला याचा असतो. वाहत्या ओढ्यात सापळ्याचे तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला करावे, कारण खाद्याचा वास पाण्याबरोबर खाली जातो आणि मासा त्या वासावर प्रवाहाविरुद्ध वर चढत येतो. मोठ्या दगडामागचे संथ पाणी, मोरीच्या खालचा डोह, पोखरलेल्या काठाखालची मुळे या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. नरसाळ्याचे तोंड अंगठ्याहून थोडेसेच रुंद ठेवावे आणि सापळा तासा-दोन तासांनी पाहावा. रात्रभर विसरून ठेवलेल्या सापळ्यात एखादे कासव शिरले, तर श्वासासाठी वर येता न आल्यामुळे ते बुडून मरते.

काठावर_एकटा
पाणी खारे आहे. खाडीचाच एक फाटा आहे आणि मी सापळा असे लिहिले म्हणजे ते लक्षात येईल असे मला वाटले होते. काठाला दाट झाडी आहे. सापळा त्या झाडीलगत, गुडघाभर पाण्यात लावतो. पहाटे काही वेळा तो चिखलात पडलेला असतो आणि काही वेळा पूर्ण पाण्याखाली असतो. नरसाळ्याच्या तोंडातून माझी तीन बोटे सहज जातात. खाद्य म्हणून माशांची आतडी ठेवतो. हवे आहेत ते बोयचे पिल्लू किंवा तसाच एखादा चंदेरी मासा. बादली मी वरच्या पुलाजवळ भरून घेतो, कारण तिथे ओढा येऊन मिळतो आणि पाणी स्वच्छ असते. आता तरी उत्तर मिळावे.

तळठाव
आता उत्तर देता येईल. तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न वेळेचा आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणजे आजची भरती उद्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. तुम्ही घड्याळ पाहून रोज सहालाच जाता, त्यामुळे आठवड्याभरात तुमचा सापळा भरतीच्या आणि ओहोटीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर वर निघतो आणि एका दिवसाचा अनुभव दुसऱ्या दिवशी उपयोगी पडत नाही. लहान मासे भरतीबरोबर झाडीत आणि गवतात शिरतात, कारण तिथे खायला मिळते आणि मोठ्या माशांना तिथे सहज वळता येत नाही. पाणी उतरू लागले की त्यांना बाहेर पडावेच लागते आणि ते झाडीतून निघणाऱ्या लहान चरांच्या वाटेने बाहेर पडतात. ओहोटी लागल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत अशा एखाद्या चराच्या मुखाशी उभे राहिलात, तर मासे शोधत हिंडावे लागणार नाही. ओहोटी पुरती उतरल्यावर फाट्यात जे खोलगट खड्डे उरतात, तिथेही ते दाटीने जमतात.

दुसरा प्रश्न डोक्यांचा आणि काट्यांचा आहे. तो खेकड्यांचा उद्योग आहे. आतड्यांच्या वासाने ते आधी येतात, तीन बोटे मावणाऱ्या तोंडातून आत शिरतात आणि रात्रभर आत सापडलेल्या माशांवर ताव मारतात. तोंड तारेने आवळून घ्या आणि सापळा तळावर न टेकवता खुंटाला बांधून वीतभर वर ठेवा. तरीही बोय सापळ्यात फारसे येतील असे मला वाटत नाही. तो गाळ आणि शेवाळ चरणारा मासा आहे आणि मांसाच्या वासाचे त्याला विशेष आकर्षण नसते. सापळाच वापरायचा असेल, तर भिजवलेल्या पावाचा किंवा कणकेचा गोळा ठेवून पाहावा. बोयपुरते गोल_पाग यांचे म्हणणे बरोबर आहे, हे नरसाळे यांची क्षमा मागून सांगतो.

तिसरा प्रश्न बादलीचा. मासे खालच्या खाऱ्या पाण्यातले आणि बादली ओढ्याच्या मुखाशी भरलेली. बोय दोन्ही पाण्यांत जगू शकतो, परंतु त्याला जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि इतर अनेक चंदेरी मासे तर खारेपणातला एकदम झालेला फरक सहनच करू शकत नाहीत. पाणी स्वच्छ दिसते की गढूळ, याला महत्त्व नाही. जिथे मासा पकडला तिथलेच पाणी भरावे.

शांत_गळ
माझे मत थोडे वेगळे आहे. मासा कसा पकडला याहून तो गळाला कसा लावला याला जास्त महत्त्व आहे. प्रवाहात गळ टाकायचा असेल, तर आमिष दोन्ही ओठांतून टोचावे, म्हणजे ते प्रवाहाकडे तोंड करून पोहत राहते. संथ पाण्यात पाठीवरच्या पराच्या थोडे पुढे, कण्याच्या वरच्या मांसातून टोचावे. कण्याला धक्का लागला तर मासा तिथेच लुळा पडतो. गळ गोल वळणाचा वापरावा, म्हणजे तो मोठ्या माशाच्या पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

काठावर_एकटा
शांत_गळ, आभारी आहे, परंतु हे मी विचारले नव्हते. टोचण्यासाठी आधी हातात मासा असायला हवा. तळठाव, चराचे तुमचे म्हणणे पटते. मात्र माझ्याकडे पाग नाही आणि सुट्टीच्या आत ती टाकायला शिकणे शक्य दिसत नाही.

पाणवठा
या चर्चेत नियमांविषयी कोणीच बोललेले नाही. काही ठिकाणी आसाच्या आकारावर मर्यादा असते, काही ठिकाणी सापळ्यावर मालकाची खूण असणे बंधनकारक असते आणि काही देशांत जिवंत मासा गळाला लावण्यालाच मनाई आहे. आयर्लंडमध्ये गोड्या पाण्यात तशी बंदी आहे. तेव्हा आधी स्थानिक नियम पाहावेत. दुसरे असे की उरलेले मासे आणि बादलीतले पाणी दुसऱ्या जलाशयात कधीही ओतू नये. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांमध्ये २००५ साली माशांना रक्तस्राव घडवून मारणारा एक विषाणू आढळला, आणि आमिषाच्या माशांबरोबर तो पसरू नये म्हणून पुढच्याच वर्षी तिथे जिवंत माशांच्या वाहतुकीवर निर्बंध आले.

गोल_पाग
पाणवठा यांचा मुद्दा गोड्या पाण्याच्या सरोवरांना लागू पडतो. ज्या फाट्यातून मासा घेतला त्याच फाट्यात गळ टाकणाऱ्या माणसाला विषाणूची भीती घालून काय साधणार? धागाकर्त्याने पाग शिकण्याविषयी विचारले आहे, त्याबद्दल बोलावे.

पाणवठा
धागाकर्त्याने पाग शिकण्याविषयी विचारलेले नाही. उलट ते शक्य नाही असे लिहिले आहे. आणि मासे गळ टाकण्याच्या जागी ‘पोहोचेपर्यंत’ मरतात असे पहिल्याच निवेदनात आहे, त्याअर्थी ते कुठेतरी नेले जात आहेत.

नरसाळे
पाग नसेल तर दोन काठ्यांना बांधलेली, अंथरायच्या चादरीएवढी, गाठी नसलेली बारीक जाळी पुरे होते. तळठाव यांनी सांगितलेल्या चराच्या मुखाशी एकाने ती आडवी धरावी आणि दुसऱ्याने चराच्या आतून पाणी ढवळत मासे जाळीकडे हाकावेत. जाळीची खालची कड तळाला चिकटून राहिली पाहिजे, नाहीतर सगळे मासे तिच्या खालून निसटतात. जाळी हवेत उचलण्याऐवजी पाण्यातच तिचा झोळ करावा आणि ओल्या हाताने किंवा मगाने मासे बादलीत घ्यावेत. गुडघ्याच्या वर चिखल असेल तिथे मात्र उतरू नये आणि एकट्याने तर मुळीच नाही.

पंपाविषयी बोलू नये अशी सूचना आहे, तरीही बोलतो. पंप पाण्यात हवा मिसळतो, परंतु पाण्यात मुळात किती प्राणवायू मावतो हे तापमानावर ठरते. गोड्या पाण्यात वीस अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि समुद्राच्या पाण्यात त्याच तापमानाला सहाच्या थोडा वरच राहतो. शिवाय पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे उन्हात ठेवलेल्या, गच्च भरलेल्या बादलीत पंप कितीही घरघरला तरी मासे गुदमरणारच. बादली ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवावी आणि झाकण लावून आत अंधार करावा, म्हणजे मासे कमी धडपडतात.

काठावर_एकटा
एका बादलीत किती मासे ठेवावेत?

गोल_पाग
माझ्या बादलीत तीस-चाळीस सहज राहतात.

नरसाळे
दहा मिनिटे राहत असतील, याबद्दल शंका नाही. दोन-तीन तास टिकवायचे असतील, तर बोटाएवढा मासा धरून त्याला किमान दोन लिटर पाणी द्यावे. वीस लिटरच्या बादलीत आठ-दहाच्या वर मासे मी ठेवत नाही. मासे पाण्यात अमोनिया सोडतात आणि तो पंपाने जात नाही, म्हणून अर्ध्या तासाने पाव बादली पाणी काढून तिथलेच ताजे पाणी घालत जावे. नळाचे पाणी चुकूनही घालू नये. त्यातले क्लोरिन कल्ले जाळते. चौकोनी डब्यापेक्षा गोल भांडे बरे, कारण कोपऱ्यात मासे एकमेकांवर दाटतात.

गोल_पाग
चाळीस ठेवावेत असे मी म्हटले नव्हते, राहतात असे म्हटले होते. मी जिथे पाग टाकतो तिथेच गळ टाकतो, त्यामुळे मला दोन-तीन तासांची गरज पडत नाही. धागाकर्त्यानेही आधी मासे पकडून दूर नेण्याऐवजी गळ टाकण्याच्या जागेजवळच एखादा चर शोधला, तर निम्मा प्रश्न सुटेल.

काठावर_एकटा
गळ टाकण्याची जागा फाट्याच्या मुखाशी आहे आणि तिथे काठ दगडी आहे, चर नाहीत. म्हणून न्यावेच लागतात. बरोबर येणारा एक जण मिळाला आहे, तेव्हा जाळीचा उपाय करून पाहतो. आता शेवटचे विचारतो. भरती-ओहोटीच्या तक्त्यात सुट्टीच्या दिवशीची भरती सकाळी सात वाजून दहा मिनिटांची दाखवली आहे. म्हणजे सव्वासातला चराशी उभे राहायचे का?

तळठाव
नाही. तक्त्यातली वेळ ज्या बंदरासाठी दिलेली असते, त्या बंदराची ती असते. फाट्यात जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, आणि फाटा अरुंद, उथळ व वळणांचा असेल तर हा उशीर तासाच्याही वर जाऊ शकतो. अशा जागी पाणी चढते भराभर आणि उतरते सावकाश, त्यामुळे भरतीनंतर बरोबर सहा तासांनी ओहोटी संपेल असेही गृहीत धरू नये. सुट्टीच्या आधी एकदा भरतीच्या वेळी चरापाशी जाऊन काठी रोवा, दर दहा मिनिटांनी तिच्यावर पाण्याची खूण करा आणि पाणी ज्या वेळी थांबून उतरू लागते ती वेळ टिपा. ती वेळ आणि तक्त्यातली वेळ यांच्यात जे अंतर निघेल, ते सुट्टीच्या दिवशीच्या सात-दहामध्ये मिळवा. पाऊस झालेला असेल किंवा वारा जोराचा असेल, तर त्यातही थोडा फरक पडतो, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा आणि चराच्या मुखातून पाचोळा बाहेर वाहू लागला की जाळी लावा.