शब्दचर्चा: 'वारसा परिसर, श्रेणी ३' हे चाळीच्या फळ्यावर कसं लिहायचं?

गिरगावातली:
आमची चाळ उपकरप्राप्त आहे (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत) आणि हेरिटेज परिसरातही येते. दुरुस्तीसाठी नेमलेल्या आर्किटेक्टने रहिवाशांसाठी दोन पानी इंग्रजी टिपण दिलं आहे. त्याचं मराठी करून जिन्याखालच्या फळ्यावर लावायचं काम माझ्याकडे आलंय. पुढचे शब्द अडलेत: हेरिटेज प्रिसिंक्ट, ग्रेड थ्री, फसाड, इन हार्मनी. शिवाय कॉन्झर्व्हेशन, रिस्टोरेशन, रिकन्स्ट्रक्शन हे तीन, आणि टिपणात ते तीन वेगळ्या अर्थांनी आलेत. कच्च्या मसुद्यात मी 'आपली चाळ वारसा यादीत आहे' असं लिहिलं, तर तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, "कुणाच्या वारसांची यादी? आमच्या भावाचं नाव घातलंय का?"

बोरूबहाद्दर:
काकांचं बरोबर आहे. मराठीत 'वारसा' हा शब्द आधी तलाठ्याचा, मग इतिहासाचा. मूळ अरबी, वारस, वारसदार, वारसाहक्क, वारस दाखला हे सगळं त्याच कुळातलं. गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवही. त्यामुळे 'वारसा यादी' म्हटलं की माणूस आधी मृत्युपत्र शोधणार. 'हेरिटेज यादी' लिहा. बोलताना सगळे तेच म्हणतात.

पेठकर:
म्हणजे पुन्हा इंग्रजीच? 'पुरातन वास्तू' का नको?

बोरूबहाद्दर:
पुरातन म्हटलं की लेणी डोळ्यांसमोर येतात. मरीन ड्राइव्हवरच्या १९३०-४० च्या दशकातल्या इमारतींना पुरातन म्हणवत नाही, आणि त्याही हेरिटेजमध्ये आहेत. ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. त्यातल्या बऱ्याच इमारती माझ्या आजोबांपेक्षा लहान.

चुनेगच्ची:
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे. गिरगावातली ताई, शब्द ठरवण्याआधी नियम काय म्हणतो ते पाहू, नाहीतर फळ्यावर देखणं पण चुकीचं मराठी लागेल.

मुंबईत हे नियम १९९५ साली आले, विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ६७. आता २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत तोच विषय नियम ५२ मध्ये आहे. इमारतींच्या श्रेणी तीन, आणि दुसरीचे दोन पोटभाग, अ आणि ब. श्रेणी १ म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक मोलाची इमारत. तिला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, लावलाच तर बळकटी देण्यापुरता आणि आयुष्य वाढवण्यापुरता. श्रेणी २ प्रादेशिक किंवा स्थानिक मोलाची. आतून बदल, नवा वापर चालतो, बाहेरचं रूप सांभाळायचं. २ ब मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामालाही वाट आहे. श्रेणी ३ मध्ये एकट्या इमारतीपेक्षा रस्त्याच्या, आळीच्या चेहऱ्याला महत्त्व. तिथे आतले-बाहेरचे बदल साधारणपणे मिळतात, पण उंची आणि दर्शनी बाजू यांनी शेजाऱ्यांशी विसंगत वागायचं नाही.

'परिसर' वेगळा. त्यात एकेक घर यादीत शोभलं नसतं, पण सगळी मिळून जपण्याजोगी असतात. गिरगावातली खोताची वाडी हे सोपं उदाहरण. तिथलं एखादं लाकडी सज्जाचं घर उचलून दुसरीकडे ठेवलं तर कोण विचारेल? चिंचोळ्या गल्लीत दोन्हीकडे तशीच घरं आहेत म्हणून ते घर आहे.

म्हणून 'प्रिसिंक्ट'ला मी 'परिसर' म्हणते. 'परिक्षेत्र' नको, ते पोलीस महानिरीक्षकांचं. खरं तर 'आळी', 'वाडी', 'पेठ' हे आपले शब्द याच कल्पनेचे आहेत, पण नियमाच्या भाषेत ते बसत नाहीत, कारण नकाशावरची हद्द आळीची हद्द पाळत नाही.

पेठकर:
पुण्यात आमचा शब्द वेगळाच आहे, 'शंभर मीटर'. "आमचं घर शंभर मीटरात आहे" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक, त्याच्या शंभर मीटरात नवं बांधकाम बंद. त्यापुढच्या दोनशे मीटरात परवानगीने. २०१० साली कायद्यात झालेल्या बदलाने हे पक्कं झालं. यात माझा वाडा ऐतिहासिक आहे की पत्र्याची शेड, याला काही अर्थ नाही. टेप लावायची.

चुनेगच्ची:
हा फरक फळ्यावर नाही आला तरी चर्चेत यायलाच हवा, पेठकर. तुमचं 'संरक्षित स्मारक', त्याभोवती 'प्रतिबंधित क्षेत्र' (ते शंभर मीटर) आणि 'विनियमित क्षेत्र' (पुढचे दोनशे) ही केंद्राची भाषा. तिथे शिफारस राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची, परवानगी सक्षम अधिकाऱ्याची. गिरगावातल्या ताईंची 'हेरिटेज इमारत' पालिकेच्या यादीतली, सल्ला हेरिटेज समितीचा, शेवटचा हुकूम पालिका आयुक्तांचा. लोक दोन्हींना 'पुरातत्त्ववाले' म्हणतात आणि चुकीच्या दारात फाइल घेऊन उभे राहतात. बाय द वे, शंभर मीटरातही जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. 'बांधकाम' आणि 'दुरुस्ती' हे शब्द तिथे वेगळे आहेत. पुष्कळांना वाटतं खिळाही ठोकता येत नाही.

पेठकर:
'मिळू शकते' या क्रियापदातच आमची वर्षं जातात.

गिरगावातली:
श्रेणी ३ लिहिलं की लोकांना वाटेल तिसरा वर्ग, म्हणजे टाकाऊ. आणि आमच्याकडे दुसरी भीती. शेजारच्या चाळीला 'सी-१' ची नोटीस आली होती. आता 'श्रेणी १' वाचलं की तेच आठवतं.

चुनेगच्ची:
ही गफलत मी इतक्या वेळा ऐकली आहे की फळ्यावर सगळ्यांत वर हेच लिहा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा. हेरिटेज श्रेणी १ म्हणजे सर्वांत मौल्यवान, हात लावू नका. आकडा तोच, अर्थ उलटे. आणि दोन्ही एकाच इमारतीला लागू शकतात, मग तर गंमत विचारू नका. त्यात तुमच्या उपकराचीही वर्गवारी आहे, १ सप्टेंबर १९४० पूर्वीची 'अ', मग 'ब', 'क'. म्हणजे एक चाळ एकाच वेळी उपकराला अ, हेरिटेजला ३ आणि धोक्याला सी-२. 'दर्जा' शब्द टाळा, तो गुणवत्तेसारखा वाटतो. 'श्रेणी' ठीक आहे.

बोरूबहाद्दर:
फसाडवर कुणी बोलत नाहीये. एका मराठी वर्तमानपत्रात 'इमारतीचा फसाड जपण्याच्या सूचना' वाचलं होतं. मला वाटलं भाडेकरूंचा फसाद जपायचाय.

चुनेगच्ची:
'दर्शनी बाजू'. दर्शनी भाग, दर्शनी दरवाजा हे रुळलेलं आहे.

मांडवीकाठची:
गोव्यात आमच्या पणजीच्या मळा आणि फोन्तेन्या या जुन्या वस्त्यांत दर्शनी बाजू म्हणजे रंग आणि बलकांव. घरापुढे पायऱ्या चढून गेलं की दोन्हीकडे बसायच्या बाकांची जागा, ती बलकांव. परवानगीच्या कागदावर तिला 'पोर्च' लिहितात आणि मग पोर्च म्हणून गाडी उभी करायला मोडतात. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्यांचं तेच. कागदावर नुसतं 'खिडकी' लिहिलं की ॲल्युमिनियमची सरकती खिडकीही खिडकीच. म्हणून म्हणते, भागांची नावं नोटिशीत नीट लिहा.

चुनेगच्ची:
हे लाख मोलाचं. गिरगावातली ताई, सज्जा, कठडा, लाकडी तुळया, नळीची की मंगलोरी कौलं, हे नावानिशी लिहा. 'दर्शनी बाजूस हात लावू नये' याचा अर्थ प्रत्येक जण सोयीने लावतो. 'सज्जाचा लाकडी कठडा काढून ग्रिल बसवू नये' याला पळवाट नाही.

आता 'इन हार्मनी'. इथे मराठीत एक खड्डा आहे. बहुतेक जण 'मिळतंजुळतं' करतात. मिळतंजुळतं म्हणजे दिसायला तसंच. मग ठेकेदार सिमेंटच्या खांबाला प्लास्टरची महिरप चिकटवतो आणि म्हणतो, घ्या, मिळतंजुळतं. जतनाच्या कामात हे वाईट मानतात, कारण जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळेनासं होतं. 'सुसंगत' लिहा. सुसंगत वस्तू वेगळी असू शकते, पण ती शेजारच्याच्या डोक्यावर चढत नाही. उंची, सज्जांच्या रेषा, खिडक्यांचं प्रमाण, एवढं जुळलं की पुरे.

पेठकर:
पुण्यात वाडा पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीला '...वाडा' हेच नाव देतात. सुसंगत फक्त पाटी.

बोरूबहाद्दर:
आता माझा आवडता वाद. कॉन्झर्व्हेशनला 'संवर्धन' कुणी केलं? संवर्धन म्हणजे वाढवणं. पशुसंवर्धन म्हणजे गुरं वाढवणं. इमारतीचं संवर्धन म्हणजे चार मजले वाढवायचे का? सरकारकडेच चांगला शब्द पडून आहे, मृद व जलसंधारण. माती आणि पाण्याचं संधारण, मग इमारतीचं का नाही? संधारण म्हणजे धरून ठेवणं. पडायला आलेल्या चाळीला याहून नेमकं काय हवं?

चुनेगच्ची:
युक्तिवाद झकास, पण समितीच्या नावातच 'वारसा संवर्धन' आहे. तुम्ही एकटे संधारण करत बसाल. मला विचाराल तर रोजच्या वापरात 'जतन'. 'यत्न'पासून आलेला शब्द आहे, आणि त्यात वाढवणं नाही, बदलणं नाही, काळजी आहे. श्रेणी १ साठी तर 'जतन'च.

'रिस्टोरेशन'ला 'जीर्णोद्धार' करू नका. तो देवळांचा शब्द. जीर्णोद्धारात जुना काळा दगड ऑइलपेंटने रंगवणं आणि गाभाऱ्यात टाइल्स लावणं हे सगळं पुण्य म्हणून बसतं. 'मूळ रूपात आणणे' असं साधं लिहा, आणि पुढे 'जुने फोटो किंवा नकाशे यांच्या आधारे' हे जोडा. आधार संपला की हे काम थांबायला हवं. त्यापुढे कल्पना सुरू होते.

गिरगावातली:
आणि रिकन्स्ट्रक्शन? आमच्याकडे सगळी भांडणं याच शब्दावर आहेत.

चुनेगच्ची:
असणारच. 'दुरुस्ती मंडळ' म्हणतो त्याचं पूर्ण नाव 'मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ'. तिथे पुनर्रचना म्हणजे पाडून नवी बांधणं. वर्तमानपत्रात तेच 'पुनर्विकास', आणि चाळीत 'तेहतीस सात', म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम ३३(७). तुमच्या आर्किटेक्टच्या टिपणात मात्र कदाचित पडलेला भाग जसा होता तसा परत बांधणं असा अर्थ असेल. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर अर्धी चाळ टॉवरची स्वप्नं पाहील आणि उरलेली कोर्टात जाईल. श्रेणी ३ मध्ये इमारत कमकुवत किंवा धोकादायक असेल, आग वा आपत्ती झाली असेल, तर पाडून बांधण्याला वाट आहे. त्यामुळे हा शब्द मोघम ठेवू नका. आर्किटेक्टला विचारा. पहिल्याला 'पाडून नवे बांधकाम', दुसऱ्याला 'पडलेला भाग पूर्वीसारखा बांधणे'. लांब आहेत, असू देत.

एक आणखी. जुनी भिंत चुन्याची असेल तर 'प्लास्टर' एवढंच लिहू नका. 'चुन्याचा गिलावा' लिहा. जुना गिलावा श्वास घेतो, सिमेंट ओल आत कोंडतं आणि ती ओल पुढच्या काही पावसाळ्यांत विटा खाते. नोटिशीतल्या एका शब्दाने ठेकेदार बदलतो.

पेठकर:
चुना मळायची घाणी फिरवणारे कारागीर आहेत कुठे?

चुनेगच्ची:
थोडे आहेत, आणि त्यांना काम मिळालं तर अजून होतील. काम मिळायला कागदावर 'चुना' लिहावं लागतं.

गिरगावातली:
सुधारलेला मसुदा:

'आपली इमारत हेरिटेज परिसरात, श्रेणी ३ मध्ये आहे. (ही सी-१ सारखी धोक्याची श्रेणी नाही.) घराच्या आतील दुरुस्ती करण्यापूर्वी आर्किटेक्टला विचारावे. दर्शनी बाजूचा लाकडी सज्जा, कठडा व कौले परवानगीशिवाय बदलू नयेत, ग्रिल अथवा शेड लावू नये. भिंतींना चुन्याचा गिलावा करण्यात येईल. जे नवे होईल ते शेजारच्या इमारतींशी उंचीने व रूपाने सुसंगत असेल. पाडून नवे बांधकाम करण्याचा निर्णय झालेला नाही.'

बोरूबहाद्दर:
शेवटचं वाक्य पहिलं घ्या. बाकीचं कुणी वाचणार नाही.

पेठकर:
'झालेला नाही' च्या आधी 'अद्याप' घालू नका. त्या एका शब्दावर आमच्या वाड्यात तीन बिल्डर येऊन गेले.